१२३४५६७८९८७६५४३२१ : एकाच्या रांगेचा वर्ग

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ताईंचा आहे. त्यांच्या आठवीतल्या एका मुलीनं चौकटीच्या वहीत १११११११११ ला १११११११११ नंच गुणलं आणि उत्तर काढलं १२३४५६७८९८७६५४३२१. शाळेच्या संगणकावर एक्सेलनं शेवटचे तीन अंक ३०० दाखवले, आणि मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरनं ३२०. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. यातलं खरं उत्तर कोणतं? २२ डिसेंबरच्या गणित दिनाला या संख्येचे गुणधर्म कार्डशीटवर मांडायचे आहेत, तर काय लिहावं? आणि एकाची रांग वाढवत नेली तर हा चढत-उतरत जाणारा नमुना पुढेही चालत राहतो का?

ताई, वहीतलं उत्तर बरोबर आहे, यंत्रांची दोन्ही चूक आहेत. हे ठरवायला तिसरं यंत्र लागत नाही. विषम संख्येला विषम संख्येनं गुणलं की गुणाकार विषमच येतो, त्यामुळे शेवटी शून्य असलेली दोन्ही उत्तरं एकक स्थानावरच बाद होतात. आणखी खात्री हवी असेल तर नवाची कसोटी लावा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ नं भाग जातो, मग तिच्या वर्गालाही जायलाच हवा. मुलीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते, भाग जातो. ३२० वाल्या उत्तरात ती ८० येते आणि ३०० वाल्यात ७८. दोन्ही नापास.

यंत्रं इथे अडतात ती जागेपायी. एक्सेल आणि बरेचसे कॅल्क्युलेटर संख्या दोनाच्या घातांमध्ये साठवतात आणि तिच्यासाठी ५३ बिटांची, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ५३ घरांची, जागा ठेवतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. इथवरची प्रत्येक पूर्ण संख्या त्या जागेत नेमकी मावते. त्याच्या वर, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या नेमकी या दोन घातांच्या मध्ये आहे आणि विषम आहे, म्हणून यंत्राला शेजारची सम संख्या घ्यावी लागते आणि ३२० दिसतं. एक्सेल त्याच्याही पुढे जातं. ते पहिले पंधरा अंकच दाखवतं आणि पुढे शून्यं भरतं. याचा अनुभव तुम्हाला वेगळ्या वाटेनं आलेला असेलच. सरल या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीतला विद्यार्थ्याचा लांबलचक क्रमांक एक्सेलमध्ये टाकला की शेवटचे आकडे शून्य होतात, म्हणून आपण तो कॉलम आधी टेक्स्ट करून घेतो. कारण तेच. मुलांना हे जरूर सांगा, कारण मोबाइल म्हणाला म्हणजे झालं, हा समज आता खेड्यातही पक्का बसला आहे.

संख्या वाचायची कशी, हे ताईंनी विचारलेलं नाही, पण कार्डशीटसमोर उभं राहून मुलीला ती वाचावी लागेल. स्वल्पविराम दिले की १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचायची अशी: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'कोटी' दोनदा येतं, त्यात काही चूक नाही. भास्कराचार्यांनी दिलेल्या यादीतली नावं वापरायची तर एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध, आणि आपली सतरा अंकी संख्या परार्धाच्या साधारण आठव्या भागाएवढी भरते. मुलांना मोठेपणाची कल्पना यायला एक हिशेब द्या. सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत गेलं तर ही संख्या गाठायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आपल्या काळ्या मातीखालचा बेसॉल्टचा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. म्हणजे तो लाव्हा वाहत होता तेव्हा कुणी मोजायला बसलं असतं, तर आजवर जेमतेम सहावा हिस्सा मोजून झाला असता.

आता गुणधर्म. यावर माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगतो. अशा संख्यांचे गुणधर्म दोन जातींचे असतात. काही गुणधर्म आपण ती संख्या दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात: उलटसुलट सारखी वाचता येणं, अंक एकेकानं चढणं-उतरणं, अंकांची बेरीज. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे असतात. ती कुठल्याही पद्धतीत लिहा, रोमन अंकांत लिहा, तेवढे दगड मांडून दाखवा, ते तसेच राहतात: ती पूर्ण वर्ग आहे, तिचे मूळ अवयव अमुक आहेत, तिला एवढे विभाजक आहेत. नेटवर या संख्येबद्दल जे फिरतं ते बहुतेक पहिल्या जातीचं आणि कारणाशिवाय असतं. कार्डशीटचे दोन भाग करा. आणि प्रत्येक गुणधर्माखाली त्याचं 'काऊन', म्हणजे 'का', ते लिहा. आपल्याकडचे पोट्टे तोच प्रश्न आधी विचारतात आणि तोच खरा गणिताचा प्रश्न आहे.

पहिलं 'काऊन' त्या मुलीच्या वहीतच आहे. गुणाकाराच्या नऊ ओळी पाहा. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या रकान्यात एकच १ पडतो, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन, असं करत नवव्या रकान्यात नऊ. तिथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एक आहेत त्याची मोजणी. एकाही रकान्यात बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून एकदाही हातचा येत नाही. या संख्येचं सगळं देखणेपण या एका गोष्टीवर उभं आहे.

अंकांची बेरीज ८१ का, हेही यातूनच निघतं. पाटीवर एकूण नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ एक लिहिलेले आहेत. हातचा नसल्यामुळे ते सगळेच्या सगळे उत्तरात जसेच्या तसे उतरतात. हा नियम सगळीकडे चालतो: गुणाकारात कुठेच हातचा आला नाही, तर उत्तराच्या अंकांची बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंकबेरजांचा गुणाकार. आणि प्रत्येक हातच्या एकाने ही बेरीज नवानं कमी होते, कारण एका घरातले दहा जाऊन शेजारच्या घरात एक येतो.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देतो. नऊच्या पुढे नमुना मोडतो. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा एक येतात, तिथे ० लिहून हातचा १. डावीकडच्या रकान्यात आधीच नऊ, त्यात हा हातचा मिळून पुन्हा दहा, पुन्हा ० आणि हातचा १. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि गाडी थांबते. म्हणून ७ नंतर ८ गायब आणि मध्ये दोन शून्यं. ताळा पाहायचा तर: हातचा नसता तर अंकांची बेरीज १०० आली असती, प्रत्यक्षात ८२ येते, फरक १८, म्हणजे दोन हातचे. बरोबर दोनच आले होते. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. इथे १२१ च्या जागी बेरीज ८५, फरक ३६, चार हातचे. मुलांना हा ताळा फार आवडतो, कारण गुणाकार न पाहता त्यात किती हातचे आले ते सांगता येतं. बारा एकांचा वर्ग त्यांच्याकडून करून घ्या, उत्तर मी देत नाही.

आपण आठाच्या पायावर मोजत असतो तर हा नमुना सातच्या पुढेच मोडला असता, सोळाच्या पायावर तो पंधरापर्यंत चालला असता. तेव्हा नऊचं यात काही दैवी नाही. आपल्या बोटांची संख्या दहा आहे, एवढंच. अंकशास्त्रवाले या संख्येला शुभ वगैरे म्हणतात, ते कार्डशीटवर येऊ देऊ नका.

अशा संख्यांना नाव दिलं ते आपल्याच एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, पदव्युत्तर पदवी घेतलेली नव्हती, आणि जगभरच्या गणितज्ञांना आज त्यांचं नाव ६१७४ या संख्येमुळे ठाऊक आहे. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या या घराण्याला त्यांनी डेमलो संख्या म्हटलं. कल्पना सुचली ते मुंबईजवळचं रेल्वे स्थानक डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली. आपल्या अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला हर्षद हे नावही त्यांचंच. आपली संख्या हर्षद आहे, तिला ८१ नं भाग जातो.

पण इथे एका सापळ्याकडे लक्ष ठेवा. 'अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ८१ नं भाग जातो' असं एखादा मुलगा लिहील आणि निष्कर्ष बरोबर असल्यामुळे आपण टिकमार्क करून टाकू. कारण मात्र चुकीचं आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी तिला २७ नं भागलं की ९ बाकी उरते. आपल्या संख्येला ८१ नं भाग जातो तो ती वर्ग आहे म्हणून: १११११११११ ला ९ नं भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९ च्या वर्गानं. शिष्यवृत्तीच्या तयारीत मुलं कसोट्या पाठ करतात आणि कुठली कसोटी कुठवर चालते ते विसरतात. हे उदाहरण त्यासाठी फार कामाचं आहे.

आता कार्डशीटचा दुसरा भाग, संख्येचा स्वतःचा. अवयव पाडायचे तर सतरा अंकांशी झटापट करू नका, वर्गमुळाचे पाडा. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. यातलं १११ = ३ × ३७, हे सगळ्यांना माहीत असतं. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तीनानं भाग जातो आणि उरते ३३३६६७. ही मूळ संख्या आहे. एवढं मिळालं की १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या संख्येत प्रत्येक अवयव दुप्पट वेळा: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा.

३३३६६७ मूळ आहे हे 'मान्य करा' म्हणून पुढे जाणं मला आवडत नाही. सरळ वाटेनं तपासायचं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. पण इथे एक आडवाट आहे. ३ सोडून दुसरी कुठलीही मूळ संख्या १००१००१ ला भागत असेल, तर तिनं १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशात बरोबर नऊ अंकांचा गट फिरतो. असं व्हायला त्या मूळ संख्येतून १ वजा करून उरलेल्याला ९ नं भाग जावा लागतो. ती विषम असल्यामुळे १८ नंही जावा लागतो. म्हणजे १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१ अशा १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या, आणि ५७७ पर्यंत त्या फक्त सतरा आहेत. वर्गातल्या मुलांना एकेक वाटून द्या, पाच-सात मिनिटांत काम होईल. कुणाचाच भाग पूर्ण जाणार नाही. नऊ अंकांचा तो गटही पाहण्यासारखा आहे: १ ला ३३३६६७ नं भागलं की ०.०००००२९९७ आणि पुन्हा तेच, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. आणि ३३३६६७ चा वर्ग करून पाहा: १११३३३६६६८८९.

विभाजक किती? ३ चा घात शून्य ते चार, पाच प्रकारे निवडता येतो. ३७ चा तीन प्रकारे आणि ३३३६६७ चा तीन प्रकारे. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. विभाजकांची संख्या विषम आली, यावरूनही संख्या पूर्ण वर्ग असल्याचं कळतं: बावीस जोड्या लागतात आणि मधोमध १११११११११ एकटी उरते, तिचा जोडीदार तीच. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. ती संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून हिला न्यून संख्या म्हणतात. यात खोल असं काही नाही, जागा उरली तर लिहा.

विभाजकांमध्ये एक ओळखीचा चेहरा आहे: १२३२१, धाकटी डेमलो संख्या, १११ चा वर्ग. १२३२१ × १००२००३००२००१ = १२३४५६७८९८७६५४३२१. मग १२१ किंवा १२३४३२१ नं का भाग जात नाही? कारण नऊ एकांच्या रांगेचे समान गट पाडायचे तर ते तीन-तीनचेच पडतात, दोन-दोनचे किंवा चार-चारचे पडत नाहीत. ९ चे विभाजक १, ३, ९ एवढेच. रांगेत मूळ संख्येइतके एक असले तर असे गट पडतच नाहीत, आणि मग ती रांगच मूळ संख्या निघण्याची शक्यता उरते. ११ तशी आहे, पुढे एकोणीस एकांची, तेवीस एकांची, मग थेट ३१७ आणि १०३१ एकांची रांग मूळ आहे. अर्थात प्रत्येक वेळी असं होत नाही, तीन एक म्हणजे १११, ती ३ × ३७ आहे.

३७ नं भाग जातो हे मोठ्या संख्येवर थेट तपासायचं असेल तर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून त्यांची बेरीज करा: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. पुन्हा गट करा: ९९७ + २ = ९९९. म्हणजे ९९९ नं भाग जातो, आणि ९९९ = २७ × ३७, एका दगडात दोन पक्षी. हेच गट एकाआड एक अधिक-उणे केले तर ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. यावरून ७ नं भागल्यावर बाकी १, ११ नं भागल्यावर १ आणि १३ नं भागल्यावर १०. प्रत्यक्ष भागाकार करावा लागला नाही.

गट तीनांऐवजी नऊ अंकांचे केले तर? ९८७६५४३२१ + १२३४५६७८ = ९९९९९९९९९. माझ्या मते या संख्येतली सगळ्यात सुंदर ओळ ही आहे. म्हणजे आपल्या संख्येला ९९९९९९९९९ नंही पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९, मध्ये आठ नसलेली ती प्रसिद्ध संख्या, जिला ९ नं गुणलं की नऊ एक येतात. उलट बाजूनं पाहा: १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लावा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. शून्यांना उसना द्यावा लागतो, म्हणून डावीकडचा भाग एकानं घटून १२३४५६७८ होतो आणि उजवीकडे ९८७६५४३२१ उरतो. आठ कुठे गेला आणि परत कुठून आला, ते एका वजाबाकीत दिसतं. आणि १ ला ८१ नं भागून पाहा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... दहा-अकरा एकांच्या वर्गाची डावी बाजू, १२३४५६७९०..., याच दशांशाच्या वाटेला लागलेली आहे. रांग वाढवत नेली की चढउतार लोपतो आणि डावीकडे हा नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येऊ लागतो. कारण सरळ आहे: कितीही एकांची रांग घ्या, तिचा वर्ग म्हणजे तेवढ्याच नवांच्या रांगेचा वर्ग भागिले ८१.

भूमितीतही एक गंमत आहे. पाया आखताना गवंडी ३-४-५ नं काटकोन काढतो, ते आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं. तसंच एक त्रिकूट १२-३५-३७ चं आहे: १४४ + १२२५ = १३६९. १११११११११ मध्ये ३७ हा अवयव आहेच, आणि १११११११११ ÷ ३७ = ३००३००३. तिन्ही बाजूंना ३००३००३ नं गुणा. ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग बरोबर १११११११११ चा वर्ग, म्हणजे आपली संख्या. ज्याचा कर्ण १११११११११ आहे आणि सगळ्या बाजू पूर्ण संख्या आहेत असा काटकोन त्रिकोण हा एकच. कारण कर्णाच्या मूळ अवयवांपैकी ४ नं भागल्यावर १ बाकी उरणारा अवयव ३७ हाच, आणि तो एकदाच येतो. ३ आणि ३३३६६७ दोन्हींची बाकी ३ उरते, त्यांचा इथे उपयोग नाही. हा गुणधर्म दुसऱ्या जातीचा, तरी अंकही देखणे आले, ते ३००३००३ मुळे.

लहान वर्गांसाठी एवढं पुरे: १ पासून क्रमानं विषम संख्या मिळवत गेलं की वर्ग मिळतात. सरकीचे दाणे चौकोनात मांडून १, ४, ९, १६ दाखवा. प्रत्येक वेळी दोन कडांना दाण्यांची नवी पट्टी लागते, तीच पुढची विषम संख्या. आपली संख्या म्हणजे पहिल्या १११११११११ विषम संख्यांची बेरीज, शेवटची २२२२२२२२१. तसंच १ पासून एकेक करत १११११११११ पर्यंत चढा आणि पुन्हा १ पर्यंत उतरा. त्या सगळ्यांची बेरीजही हीच.

शेवटी एक इशारा. गणित दिनाला कुणीतरी हुशार पोट्टं उठून विचारेल, 'मग मध्ये दहा घातला तर?' म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१. दिसायला ही त्याच घराण्यातली वाटते, पण कुठल्याच एकांच्या रांगेचा वर्ग नाही. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ नं भाग नाही. तीन-तीनच्या गटांचं अधिक-उणे ८९ येतं, म्हणून ७, ११, १३ नंही नाही. याच्या पुढे मुलांना भागत बसवू नका. ही वीस अंकी संख्या मूळ आहे. संगणकानं तपासलेलं आहे, १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही.